उन्हातली पानं, उन्हातली माणसं



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. झाड समोर असताना पुस्तक उघडायचं नाही, अशी त्यांची शिस्त होती, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. त्यांच्या नावाने बोलायचं तर विषयाची सुरुवात झाडापासूनच व्हावी असं मला वाटलं. म्हणून आज मी झाडांच्या पानाफुलांत तयार होणारे फ्लेव्होनॉइड आणि माणसाची त्वचा यांच्या नात्याबद्दल बोलणार आहे.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकते. फ्लेव्होनॉइड त्वचेच्या पेशींना ऑक्सिडीकरणाच्या ताणापासून वाचवतात, याला प्रयोगांचा चांगला आधार आहे. मात्र हे कसं घडतं याबद्दल क्रीमच्या बाटल्यांवर आणि गोळ्यांच्या डब्यांवर जे छापलेलं असतं, ते बरंचसं अपुरं आहे. रक्षणाचं मोठं काम पेशी स्वतःच करते; फ्लेव्होनॉइड तिला वेळेवर जागं करतात. एवढं नीट समजलं की मात्रेला किती महत्त्व आहे ते कळतं, आणि कुठला दावा मानायचा, कुठला सोडून द्यायचा, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

पानाचा पेच

झाडाला उन्हातून उठून सावलीत जाता येत नाही. ज्या प्रकाशावर त्याचं पोट चालतं त्याच प्रकाशाबरोबर अतिनील किरणही येतात, आणि ते पेशीतल्या डीएनएची मोडतोड करतात. प्रकाश तर हवाच, पण हे किरण नकोत, हा पेच वनस्पती जमिनीवर आल्या तेव्हापासूनचा आहे. त्यावरचा तोडगाही फार जुना असावा, कारण पावसाळ्यात ओल्या भिंतीवर उगवणाऱ्या मॉससारख्या साध्या वनस्पतींतही तो सापडतो. पानाच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी आपल्या रिक्तिकांमध्ये फ्लेव्होनॉइड साठवतात. हे रेणू अतिनील किरण शोषून घेतात आणि प्रकाशसंश्लेषणाला लागणारा प्रकाश खालच्या हरितलवकांपर्यंत जाऊ देतात.

याचा पुरावा प्रयोगातून मिळालेला आहे. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस हे लहानसं रोपटं वनस्पतिशास्त्रज्ञ संशोधनासाठी नेहमी वापरतात. त्याच्या काही उत्परिवर्तित वाणांत चाल्कोन सिंथेज हे एन्झाइम नसतं, आणि फ्लेव्होनॉइड बनवण्याची साखळी तर तिथूनच सुरू होते. या वाणांच्या बियांच्या सालीत रंग भरत नाही, म्हणून तपकिरी बियांऐवजी फिकट पिवळ्या बिया येतात. एरवी ही रोपं ठीक वाढतात. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांच्यावर अतिनील-बी किरण सोडले, तेव्हा ती नेहमीच्या रोपांपेक्षा कितीतरी जास्त होरपळली.

पुढे 2011 मध्ये वनस्पतीला हे किरण कळतात कसे, याचाही उलगडा झाला. यूव्हीआर-8 नावाचं एक प्रथिन पेशीत जोडीजोडीने असतं. अतिनील-बी किरण पडले की जोडी सुटते, केंद्रकापर्यंत निरोप पोचतो आणि फ्लेव्होनॉइड बनवणारी जनुकं कामाला लागतात. म्हणजे पानाचं संरक्षण कायम एकाच पातळीवर नसतं. इशारा मिळाला की ते वाढतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या त्वचेकडे आल्यावर ती पुन्हा लागणार आहे.

खैर, कांदा, पळस

फ्लेव्होनॉइडचा सांगाडा 15 कार्बन अणूंचा असतो. सहा-सहा कार्बनांची दोन कडी आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनांचा दुवा. या सांगाड्यावर हायड्रॉक्सिल गट किती आणि कुठे बसतात, साखरेचा रेणू कुठे चिकटतो, यावरून प्रकार ठरतात. असे 6000हून अधिक प्रकार आजवर नोंदले गेले आहेत.

त्यांतले कितीतरी आपल्या घरादारातले आहेत. जांभळाचा आणि कोकमाचा रंग अँथोसायनिनचा. रंगपंचमीला पळसाची फुलं उकळून जो केशरी रंग काढतात, तोही याच कुळातला. सोयाबीनमध्ये जेनिस्टिन असतं. कांद्यात क्वेरसेटिन असतं. आपण सोलून टाकतो त्या बाहेरच्या पापुद्र्यांत सर्वांत जास्त आणि पांढऱ्या कांद्यात अगदी नगण्य. हळदीतलं कर्क्युमिन मात्र या कुळातलं नव्हे. त्याची रचना वेगळी आहे, आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर लावणं बरोबर नाही.

खैराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. कोकणात खैराच्या गाभ्याच्या लाकडाचे बारीक तुकडे पाण्यात उकळतात, काढा गाळून आटवतात आणि निवायला ठेवतात. निवता निवता त्यात बारीक स्फटिक धरू लागतात आणि फिकट साका खाली बसतो. वरचं गडद पाणी वेगळं काढायचं, साका दाबून वाळवायचा, त्याच्या वड्या पाडायच्या, की झाला कात. त्या स्फटिकांत मुख्यतः कॅटेचिन असतं. हिरव्या चहातली जी द्रव्यं आज जगभर अभ्यासली जातात ती याचीच भावंडं. गरम पाण्यात विरघळणारं आणि गार पाण्यात न विरघळणारं द्रव्य स्फटिकरूपाने वेगळं काढणं, ही रसायनशास्त्रातली शुद्धीकरणाची रीत आहे. कातकऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या जंगलात, चुलाणावर ती वापरत आल्या. विज्ञानाच्या इतिहासात त्यांना त्याचं श्रेय मिळायला हवं. मात्र यावरून पानातला कात आरोग्याला चांगला, असं कुणी समजू नये. त्याच्या सोबतची सुपारी कर्करोग घडवते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्टपणे नोंदवलेला आहे.

पुण्याशीही या रसायनशास्त्राचं नातं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. के. वेंकटरामन यांचं नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे, ते बेकर-वेंकटरामन पुनर्रचनेमुळे. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर आणि हिंदुस्थानात वेंकटरामन यांनी 1930च्या दशकात ही अभिक्रिया स्वतंत्रपणे मांडली. फ्लेव्होन हा फ्लेव्होनॉइडचा एक प्रकार प्रयोगशाळेत बनवण्याची ती हमखास वाट ठरली. वेंकटरामन पुढे मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे आणि 1957 पासून पुण्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. या विषयात आपण नुसते श्रोते नाही, याची आपल्या विद्यार्थ्यांना जाणीव असावी म्हणून हे सांगितलं.

त्वचेवर काय घडतं

आता माणसाकडे येऊ. ऑक्सिजनशिवाय आपण जगत नाही, पण त्याच ऑक्सिजनपासून पेशीत काही फार क्रियाशील रेणू तयार होतात: सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल मूलक. ते डीएनए, प्रथिनं आणि पेशीपटलातली स्निग्धद्रव्यं यांच्यावर तुटून पडतात. पेशीला हे ठाऊक आहे, म्हणून तिने स्वतःचा बंदोबस्त ठेवलेला असतो. 1969 साली ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेजचं कार्य उजेडात आणलं; सुपरऑक्साइड मोडणं हेच या एन्झाइमचं काम. त्याच्या जोडीला कॅटालेज आहे, ग्लुटाथायोन आहे. हल्ला आणि बंदोबस्त यांचा तोल हल्ल्याकडे झुकला की जी अवस्था येते तिला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. जर्मनीतले जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी 1985 मध्ये ही संकल्पना नीट बांधून मांडली.

त्वचेवर हा ताण विशेष येतो, कारण ती उन्हाला थेट सामोरी जाते. अतिनील-बी किरण मुख्यतः बाह्यत्वचेतच अडतात आणि तिथल्या डीएनएवर थेट घाव घालतात. अतिनील-ए किरण खाली अंतस्त्वचेपर्यंत जातात, खिडकीच्या काचेतूनही येतात. ते पेशीतल्या पॉर्फिरिन, फ्लेव्हिनसारख्या रेणूंना चेतवतात आणि त्यांच्यामार्फत ऑक्सिजनचे उपद्रवी अवतार तयार होतात. आपल्यापर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे 95 टक्के वाटा या अतिनील-ए किरणांचाच असतो.

याचा परिणाम कातडी भाजण्यापुरता थांबत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या गॅरी फिशर, जॉन वूरहीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये स्वयंसेवकांच्या त्वचेवर दाखवलं की, कातडी लाल व्हायला जेवढे किरण लागतात त्याहून पुष्कळ कमी किरणांनीही कोलॅजन कापणारी एन्झाइमं वाढतात. कातडी लाल झाली नाही म्हणजे काही झालंच नाही, हा समज त्या प्रयोगाने मोडला. शेतात, रस्त्याच्या कामावर, वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर आणि मानेवर ज्या खोल सुरकुत्या पडतात, त्यांत वयाइतकाच या रोजच्या, न जाणवणाऱ्या झिजेचा हात असतो.

पेशींची ताटली

फ्लेव्होनॉइड यात काय करतात, हे प्रयोगशाळेत कसं पाहतात ते डोळ्यांसमोर आणा. तळहाताएवढी प्लास्टिकची ताटली, तिच्यात 96 छोटे खळगे. प्रत्येक खळग्यात थोडं गुलाबी पोषकद्रव आणि तळाला चिकटून पसरलेल्या माणसाच्या त्वचेच्या पेशी. ताटली 37 अंश सेल्सिअसला, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत ठेवतात. या कामासाठी बहुतेक ठिकाणी हाकॅट नावाच्या पेशी वापरतात. 1988 मध्ये हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रातल्या पेट्रा बुकाम्प, नॉर्बर्ट फुझेनिग आणि सहकाऱ्यांनी त्यांची माहिती जगापुढे ठेवली. एका प्रौढ माणसाच्या त्वचेतून घेतलेल्या पेशी आपण होऊन अमर झाल्या आणि आजही वाढताहेत.

काही खळग्यांत क्वेरसेटिन घालायचं, काहींत नुसतं ते विरघळवायला वापरलेलं द्रावण. दुसऱ्या दिवशी सगळ्या खळग्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड सोडायचं किंवा ताटली अतिनील दिव्याखाली धरायची. मग पेशींत एक न चमकणारं द्रव्य भरायचं, जे ऑक्सिडीकरण झालं की हिरवं चमकू लागतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की निव्वळ द्रावणाच्या खळग्यातल्या पेशी हिरव्यागार उजळलेल्या दिसतात, आणि क्वेरसेटिन मिळालेल्या खळग्यात तो उजेड मंद असतो. दुसऱ्या चाचण्यांत जिवंत राहिलेल्या पेशीही जास्त भरतात. हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा फुलतो, आणि तो फुलायलाच हवा.

याचं जुनं स्पष्टीकरण सोपं आहे. क्वेरसेटिनच्या एका कड्यावर शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट आहेत. तिथून ते मुक्त मूलकाला हायड्रोजन देतं, मूलक शांत होतो, आणि स्वतः क्वेरसेटिनचा झालेला मूलक त्या कड्यांच्या रचनेमुळे फारसा उपद्रवी राहत नाही. शिवाय लोह आणि तांब्याचे आयन ते धरून ठेवतं, त्यामुळे हायड्रॉक्सिल मूलक तयार होण्याची वाटच अरुंद होते. परीक्षानळीत हे सगळं घडतं, यात शंका नाही.

पेशीत मात्र हिशेब जुळत नाही. पेशीच्या आत ग्लुटाथायोनची पातळी मिलिमोलरमध्ये असते. जेवणातून आलेल्या फ्लेव्होनॉइडची रक्तातली पातळी मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याहून कमी, म्हणजे हजारपटीने खाली. जिथे इतकी मोठी फौज आधीच उभी आहे, तिथे मूठभर शिपायांनी मूलक टिपले म्हणून निकाल बदलणार नाही. आणखी एक गोष्ट: बऱ्याच प्रयोगांत पेशींना आधी फ्लेव्होनॉइड देऊन नंतर ते धुऊन टाकतात, तरीही काही तासांनी दिलेला ताण त्या अधिक चांगला सोसतात. मूलक टिपणारा रेणूच गेला, तर संरक्षण कुठून आलं?

बॅरी हॅलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली आणखी अवघड गोष्ट दाखवली. हिरव्या चहातली कॅटेचिनं पेशींच्या पोषकद्रवात घातली की ती तिथेच, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. ज्याच्यापासून रक्षण करायचं तेच द्रव्य औषधाच्या पोटातून निघतं. ताटलीत दिसलेला चांगला किंवा वाईट परिणाम फ्लेव्होनॉइडचा की त्याने जन्माला घातलेल्या पेरॉक्साइडचा, हे वेगळं तपासल्याशिवाय सांगता येत नाही. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे.

जागी होणारी पेशी

फ्लेव्होनॉइड धुऊन टाकल्यावरही संरक्षण कुठून येतं, याचं उत्तर पेशीच्या आतल्या एका व्यवस्थेत सापडलं. मासायुकी यामामोतो यांच्या गटाने जपानमध्ये 1990च्या दशकात तिचा पाठपुरावा केला. एनआरएफ-2 नावाचं प्रथिन संरक्षणाच्या जनुकांना चालू करतं. एरवी कीप-1 हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि सतत नष्ट करायला पाठवतं. कीप-1वर गंधकयुक्त सिस्टीनच्या काही जागा फार संवेदनशील आहेत. क्वेरसेटिनचं पेशीत किंचित ऑक्सिडीकरण झालं की त्याचं क्विनोन बनतं, आणि ते या जागांना जाऊन चिकटतं. कीप-1ची पकड सुटते, एनआरएफ-2 साठत जातं, केंद्रकात शिरतं, आणि ग्लुटाथायोन बनवणारी, विषारी द्रव्यं निकामी करणारी, हीम ऑक्सिजनेज-1सारखी कितीतरी एन्झाइमं तयार होऊ लागतात.

हीम ऑक्सिजनेज-1चं नाव मी मुद्दाम घेतलं. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्टीफन कायसे आणि रेक्स टिरेल यांनी मानवी त्वचेच्या पेशींवर अतिनील-ए किरण, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम आर्सेनाइट असे तीन निरनिराळे घाव घातले, आणि तिन्हींनंतर पेशीत जे प्रथिन ठळकपणे वाढलं ते हेच निघालं. म्हणजे ताण आल्यावर पेशी काय करते ते आधीच माहीत होतं. फ्लेव्होनॉइड तीच तयारी खरा ताण येण्याआधी करून घेतात. ज्वारी दाण्यावर आली की मचाणावर बसलेला राखणदार पहिली दोन-चार पाखरं दिसताच उठून गोफण हातात घेतो. मोठा थवा येतो तेव्हा तो जागा असतो. फ्लेव्होनॉइडचं काम त्या पहिल्या पाखरांचं आहे.

मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलं होतं ते इथे लागतं. पान आणि कातडी, दोघांतही संरक्षण इशाऱ्यावर वाढतं. आणि इशारा हा इशाऱ्याइतकाच असावा लागतो. थोड्या मात्रेत जे क्विनोन कीप-1ची पकड सोडवतं, तेच भरमसाट झालं तर ग्लुटाथायोन खर्चून टाकतं आणि पेशीला इजा करतं. म्हणून ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही.

ताटलीपासून माणसापर्यंत

पण ताटलीतलं दृश्य माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. हाकॅट पेशींतलं पी-53 हे रक्षक जनुक मुळातच बिघडलेलं आहे. त्या ताटलीत रक्त वाहत नाही, यकृत नाही, कातडीचा वरचा मृत थर नाही. खाल्लेलं क्वेरसेटिन आतड्यातून आत जाताना आणि यकृतातून जाताना बदलतं. त्वचेपर्यंत त्याचे बदललेले अवतारच पोचतात. नेदरलँड्समध्ये पीटर हॉलमन यांनी 1995 मध्ये दाखवलं की कांद्यातलं, ग्लुकोज जोडलेलं क्वेरसेटिन सुमारे 52 टक्के शोषलं गेलं, तर सुटं, शुद्ध क्वेरसेटिन 24 टक्केच. गोळीतल्या शुद्ध द्रव्यापेक्षा भाजीतलं द्रव्य शरीराला जास्त लागू पडलं. उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, पण खिशातून क्वेरसेटिन रक्तात जायला वाट नाही. जेवणाच्या ताटातून आहे.

वरून लावायचं म्हटलं तर त्वचेचा वरचा थर आडवा येतो. साधारण 500 डाल्टनहून मोठे रेणू त्यातून सहसा पार होत नाहीत. क्वेरसेटिन 302चं आहे, पण ते पाण्यात विरघळत नाही; त्याचंच साखर जोडलेलं रूप, रुटिन, 610चं आहे. शिवाय ही द्रव्यं डबीतच हवेने काळपट पडू लागतात.

तरीही माणसांवर काही चांगले प्रयोग झाले आहेत. क्रेग एल्मेट्स आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवलं की हिरव्या चहाचा अर्क आधी लावलेल्या त्वचेवर अतिनील किरणांनी येणारी लाली कमी झाली आणि डीएनएची हानीही घटली. जर्मनीत उल्रिके हाइनरिश, हेल्मुट झीस आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 24 स्त्रियांना 12 आठवडे कोको प्यायला दिला. एका गटाला दिवसाला 326 मिलिग्रॅम फ्लेव्हानॉल असलेला, दुसऱ्या गटाला 27 मिलिग्रॅमचा. पहिल्या गटात किरणांनी येणारी लाली सहाव्या आठवड्यात 15 टक्के आणि बाराव्या आठवड्यात 25 टक्के घटली. पण मँचेस्टरमध्ये 50 जणांवर हिरव्या चहाच्या कॅटेचिनचा 12 आठवडे केलेला प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला, त्यात लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्ही निकाल प्रामाणिक आहेत. यातून इतकंच म्हणता येतं की आहारातून मिळणारं संरक्षण काहींत, काही प्रमाणात दिसतं, आणि ते छत्रीची किंवा सनस्क्रीनची जागा घेण्याइतकं मुळीच नाही.

घाई केली की काय होतं याची उदाहरणं या क्षेत्रात आहेत. 1936 मध्ये शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी लिंबाच्या आणि पाप्रिकाच्या अर्कातल्या फ्लेव्होनॉइडना ‘जीवनसत्त्व पी’ म्हटलं. पुरावा टिकला नाही आणि ते नाव मागे घ्यावं लागलं. 1994 मध्ये फिनलंडमधल्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या प्रयोगात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. बीटा-कॅरोटीन फ्लेव्होनॉइड नव्हे, पण तेही अँटिऑक्सिडंट म्हणूनच दिलं होतं. 2012 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली प्रसिद्ध यादी संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी संबंध लावता येत नव्हता.

आपलं ऊन, आपली कातडी

वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी, हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. लिंबात हेस्पेरिडिन हा फ्लेव्होनॉइड असतो, आणि त्याच्याच सालीत फ्युरानोकुमारिन असतात. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेलेल्या मुलींच्या त्वचेवर फोड येतात आणि महिनोन् महिने काळे डाग राहतात, ते या दुसऱ्या द्रव्यामुळे. बावचीच्या बियांत सोरालेन असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेल्या अतिनील-ए किरणांबरोबर ते कोडावर उपयोगी पडतं, आणि तीच बी घरी वाटून लावली तर कातडी भाजते. झाडातल्या द्रव्याला दया किंवा वैर ठाऊक नसतं. कोणतं द्रव्य, किती आणि कुठे, यावर सगळं ठरतं.

म्हणून असा दावा ऐकला की तीन गोष्टी विचारा. हे ताटलीत दिसलं की माणसात? किती मात्रेत, आणि तेवढी मात्रा आपल्या त्वचेपर्यंत पोचते का? आणि कुणाशी तुलना करून हे म्हटलं आहे?

हे विचारणं जितकं गरजेचं, तितकंच स्वतः काम करणं गरजेचं आहे. मघाशी सांगितलेला जर्मनीतला प्रयोग गोऱ्या, चटकन लाल होणाऱ्या त्वचेवर झाला. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त आहे. आपल्याकडे उन्हाची तक्रार लाली म्हणून कमी आणि रापणं, वांग, काळे डाग म्हणून जास्त येते. त्यामुळे लाली मोजून मिळालेलं उत्तर आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही. डाग, कोलॅजन, डीएनएवरच्या खुणा मोजणारे प्रयोग इथल्या माणसांच्या संमतीने, इथल्या उन्हात व्हायला हवेत. लासलगावसारख्या बाजारपेठांत कांद्याच्या टरफलांचे ढीग लागतात; क्वेरसेटिनचा इतका स्वस्त साठा दुसरीकडे क्वचितच असेल. ते स्वच्छ, मोजून, टिकाऊ रूपात कसं काढायचं, हा आपल्या कॉलेजांतल्या पदव्युत्तर मुलांना पुरून उरेल असा विषय आहे. सभागृहात मागे बसलेल्या विद्यार्थ्यांना मी तो आज देऊन जाते.

आणि ही उत्तरं हाती येईपर्यंत उन्हात राबणाऱ्यांना थांबायला सांगता येणार नाही. त्यांच्यासाठी आजच करण्यासारखं पुष्कळ आहे. कामाच्या वेळा भर दुपारच्या आधी आणि नंतर लावणं, कामाच्या जागी सावली उभारणं, डोक्याला रुंद काठाची टोपी किंवा फेटा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, आणि जेवणात कांदा, पालेभाजी, फळं पुरेशी असणं. यातलं पहिलं आणि दुसरं मजुराच्या हातात नसतं; ते काम देणाऱ्याच्या हातात असतं. एखाद्या रेणूचा अभ्यास करणाऱ्यांनी हे बोलावं का, असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं की कातडीवर ऊन काय करतं हे ज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आहे, त्यांनी तर ते आधी बोललं पाहिजे. सरांच्या स्मृतीला अभिवादन करते.